थिबा राजाची बरणी?

रत्नागिरीतल्या जुन्या घरात एखादी परदेशी, भारी वस्तू निघाली की तिच्या उगमाचे एक उत्तर बहुधा तयारच असते: थिबा राजाकडून आली. हे उत्तर निराधार म्हणता येत नाही. ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाला इंग्रजांनी १८८५ च्या नोव्हेंबरात मंडालेच्या गादीवरून काढले, १८८६ च्या एप्रिलात रत्नागिरीत आणून ठेवले आणि १९१६ च्या डिसेंबरात तो इथेच वारला. तीस वर्षे एक पदच्युत राजघराणे सरकारी तनख्यावर या गावात राहिले. हात तंग झाला तसे जडजवाहीर विकले गेले. राणी, राजकन्या, दासदासी, देणीघेणी असा सगळा संसार इथे होता. त्यातली एखादी वस्तू गावातल्या कुणाच्या माजघरात पोचली असेल, तर त्यात अशक्य काहीच नाही.

अवघड प्रश्न त्यापुढचा आहे. ‘अशक्य नाही’ आणि ‘झाले’ यांच्यामधले अंतर कशाने भरायचे?

पुढचा वाद अशाच एका वस्तूवरचा आहे. बरणी आणि तिच्यावरून वाद घालणाऱ्या दोघी कल्पित आहेत. त्या ज्या राजांचे, बंदरांचे, भट्ट्यांचे आणि कसोट्यांचे दाखले देतात, ते मात्र खरे. आत्या सत्तरी ओलांडलेली, निवृत्त शिक्षिका, या घराची लेक आणि आता घर सांभाळणारी. तिची भाची मुंबईत वस्तुसंग्रहालयात जुन्या वस्तूंच्या जतनाचे काम करते. दोघींमध्ये कोठीच्या खोलीतली बरणी: अडीच फूट उंच, पोट फुगीर, गळा आखूड, खांद्यावर चार आडवे कान, कानांच्या पातळीला कोरलेल्या बारीक रेघा. काळपट तपकिरी झिलई बुडाच्या चार बोटे वर येऊन थांबलेली. वर्षानुवर्षे तिच्यात मिठातल्या कैऱ्या मुरल्या आणि तोंडाला दादरा बांधला गेला.

“ही थिबाची,” आत्या म्हणाली. “वाड्यातून आलेली. माझ्या आजीपासून सगळे हेच सांगत आले.”

“आजी काय सांगायची ते मी विचारणारच आहे,” भाची म्हणाली. “पण आधी बरणीलाच विचारू या.”

तिने गोधडी अंथरून बरणी आडवी केली. बुडावर शिक्का नव्हता, अक्षर नव्हते. असते, तर काम सोपे होते. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली झिलईदार भांडी घडत. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतले नमुने त्यांच्यावर उतरले, आणि त्यांतल्या कित्येक भांड्यांच्या बुडाशी शाळेचे नाव कोरलेले सापडते. हॉलंडमधल्या मास्ट्रिख्टच्या पेट्रुस रेगूत कारखान्याच्या ताटल्यांवर स्फिंक्सची खूण असते. १८९१ पासून अमेरिकेने आयात मालावर मूळ देशाचे नाव इंग्रजीत छापायची सक्ती केली. तेव्हापासून बुडावरचे देशाचे नाव हाही काळ ठरवण्याचा एक धागा झाला. या बरणीच्या कुंभाराने मात्र यातले काहीच मागे ठेवले नव्हते.

भाचीने बोटाने टिचकी मारली. आवाज खणखणीत आला.

“ऐकलंस? आपल्याकडचा माठ असा वाजत नाही. माठ कमी उष्णतेत भाजतात, म्हणून त्याची माती सच्छिद्र राहते, पाणी पाझरतं आणि गार होतं. ही माती बाराशे अंशांच्या आसपास भाजली आहे. याला स्टोनवेअर म्हणतात. झिलई नसती तरी हिच्यातून खार पाझरला नसता. असल्या मोठ्या बरण्या शेकडो वर्षं पूर्वेकडच्या भट्ट्यांतून यायच्या.”

“पूर्वेकडच्या म्हणजे ब्रह्मदेशाच्याच ना?”

“तीच तर गफलत होते. या जातीच्या बरण्यांना सगळीकडे मर्तबान म्हणतात. मर्तबान हे ब्रह्मदेशातलं बंदर. पण बंदराचं नाव मालाला लागलं, म्हणून माल तिथंच घडला असं होत नाही. ब्रह्मी, सयामी, दक्षिण चिनी अशा सगळ्या भट्ट्यांच्या बरण्या त्या नावाखाली विकल्या गेल्या.”

हा माल किती जुना आणि किती दूरवर गेलेला, याचे दाखले भरपूर आहेत. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता पूर्वेच्या समुद्रात एका राजकन्येकडून मिळालेल्या भेटींत मर्तबान बरण्यांचा उल्लेख करतो. त्यांत आले, मिरी, लिंबे आणि आंबे होते, समुद्रप्रवासासाठी मिठात घातलेले. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज दुआर्ते बार्बोसा मर्तबानच्या मोठ्या, मजबूत, काळ्या झिलईच्या बरण्यांबद्दल आणि मुसलमान व्यापाऱ्यांत त्यांना असलेल्या मागणीबद्दल लिहितो. १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपकडे नोकरीला असलेला डच माणूस लिन्सखोटेन सांगतो, की या बरण्या भारतभर जातात आणि पोर्तुगालच्या जहाजांवर पाणी, तेल, दारू भरायला वापरतात. गोव्याच्या किनाऱ्याजवळ सुंची खडकावर फुटलेल्या सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी शोधले, तेव्हा हस्तिदंत आणि तोफांबरोबर मर्तबान बरण्यांचे तुकडेही मिळाले.

“म्हणजे बघ,” भाची म्हणाली, “थिबा रत्नागिरीत येण्याच्या तीनशे वर्षं आधीपासून या बरण्या आपल्या किनाऱ्यावर आहेत. डचांची वखार वेंगुर्ल्याला १६३७ मध्ये आली. राजापूर तर त्या काळी गजबजलेलं बंदर. गोवा इथून एका टप्प्यावर. आपल्या घरात बरणी यायला मंडालेच्या राजाची गरजच नव्हती.”

आत्या लगेच म्हणाली, “गरज नव्हती, म्हणून त्यानं दिलीच नाही असं होतं का? तू मला इतर वाटा दाखवल्यास. माझी वाट बंद झाली, असं कुठं दाखवलंस?”

हा प्रतिप्रश्न बिनतोड आहे. वस्तूची ओळख पटवताना तज्ज्ञही इथे घसरतात. जास्त संभाव्य उत्तर सापडले की कमी संभाव्य उत्तर खोटे पडले, असे मानून मोकळे होतात. कौटुंबिक कथेला नाकारायला निराळा पुरावा लागतो. दुसऱ्या कथेची सोय पुरत नाही.

भाचीने मान्य केले, आणि भट्टीकडे वळली. “ब्रह्मदेशातल्या नावाजलेल्या जुन्या मोठ्या बरण्यांवर काळ्या झिलईवर पांढरट मातीच्या ठिपक्यांच्या माळा, फुलं, रेघा असतात. हिच्यावर तसलं काही नाही. दक्षिण चीनच्या बऱ्याच बरण्यांवर खांद्यावर ठसे असतात, नाहीतर पोटावर ड्रॅगन. तेही नाही. चार आडवे कान, खांद्यावर कोरलेल्या रेघा, करड्या मातीत पांढरे खडे, झिलई बुडापर्यंत न पोचलेली, या सगळ्यावरून माझा कल सयामकडे जातो. सिंगबुरी भागात माए नाम नोई नदीच्या काठी मोठ्या भट्ट्या होत्या. पंधराव्या शतकापासून पुढं तिथल्या बरण्या जगभर गेल्या. १६१३ मध्ये सेंट हेलेनाजवळ बुडालेल्या ‘विट्टे लेऊ’ या डच जहाजावरही त्या जातीच्या बरण्या निघाल्या.”

“कल जातो म्हणालीस. खात्री आहे असं नाही म्हणालीस.”

“नाही म्हणाले. यशस्वी आकाराची नक्कल सगळेच करतात. खात्री करायची तर मातीचं रासायनिक पृथक्करण करून त्या भट्टीच्या जागी पडलेल्या मोडक्या मालाशी ताडून बघावं लागतं.”

आत्या थोडा वेळ बरणीकडे पाहत राहिली. मग तिने वर्गात विचारावा तसा प्रश्न केला: “सयामची वस्तू ब्रह्मदेशच्या राजाकडे असू शकत नाही का?”

“असू शकते. थिबाच्या कोनबाउंग घराण्याच्याच फौजांनी १७६७ मध्ये सयामची राजधानी अयुथ्या लुटली. पण आत्या, ही साखळी बघ. सयामला घडली असेल, अयुथ्याला असेल, लुटीत मंडालेच्या राजघराण्याकडे आली असेल, शंभर वर्षं टिकली असेल, मग रत्नागिरीला आली असेल. प्रत्येक कडी शक्य आहे. पण पाच शक्यता एकापुढं एक जोडल्या की पुरावा वाढत नाही, कमी होतो. आणि थिबाला मंडालेहून किती घाईत हलवलं! बैलगाडीतून नदीकाठी, तिथून आगबोटीनं रंगूनला, मग मद्रास, मग इथं. त्या घाईत कुणी अडीच फुटाची बरणी उचलली असेल?”

“त्या दिवशी नसेल उचलली.” आत्याचा आवाज चढला. “पण ती माणसं इथं एक दिवस नाही राहिली, तीस वर्षं राहिली! तीस वर्षं माणूस आपल्या मुलखाचं खाणं मागवल्याशिवाय राहतो का? न्यू जर्सीत आपला मुकुंद राहतो, त्याला मी दरवर्षी आमसुलं पाठवते. त्या राणीला कुणी काही पाठवलं नसेल?”

भाचीजवळ याला उत्तर नव्हते, कारण मुद्दा तिच्याच विषयातला होता. ब्रह्मदेशात मुरवलेली मासळी आणि मुरवलेला चहाचा पाला हे रोजच्या जेवणातले पदार्थ. ते घालायला आणि न्यायला झिलईदार बरण्याच लागतात. इरावतीच्या काठी चाउम्याउंग गावात अशा प्रचंड बरण्या आजही घडतात. रिकाम्या बरण्या एकत्र बांधून, त्यांचाच तराफा करून त्या नदीतून खाली नेत असत. साठवणीची बरणी राजाच्या खजिन्यात शोधायची नसते. ती त्याच्या स्वयंपाकघरात शोधायची असते, हे आत्याने तज्ज्ञाच्या आधी ओळखले होते.

“हे मी लिहून घेते,” भाची म्हणाली. “आता माझं एक ऐक. तापदीप्ती नावाची एक कसोटी असते. मातीतले क्वार्ट्झ, फेल्डस्पारचे कण आजूबाजूच्या नैसर्गिक किरणोत्साराची ऊर्जा साठवत राहतात. भट्टीत भाजताना जुना साठा पुसला जातो आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. प्रयोगशाळेत ती पूड पुन्हा तापवली की साठलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. किती प्रकाश, त्यावरून शेवटची भाजणी केव्हाची ते काढता येतं. बुडाच्या खालून चिमूटभर पूड पुरते.”

“पूड काढायची कशी?”

“बारीक भोक पाडून. अंधुक लाल उजेडात, म्हणजे नमुन्याला प्रकाश लागत नाही.”

“आणि उत्तर किती नेमकं येईल?”

“वीस-पंचवीस टक्के इकडं-तिकडं. समजा तीनशे वर्षं निघाली, तर सव्वादोनशे ते पावणेचारशे.”

“मग ही थिबाची की नाही, ते त्यातून कळेल?”

भाची क्षणभर थांबली. “नाही. बरणी कधी भाजली ते कळेल. कुणाच्या घरातून आली ते नाही कळणार. तीनशे वर्षांची निघाली तरी थिबाकडं असू शकते. सव्वाशे वर्षांची निघाली तरी बंदरावर विकत घेतलेली असू शकते.”

“म्हणजे माझ्या प्रश्नाला उत्तर न देणाऱ्या कसोटीसाठी मी माझ्या बरणीला भोक पाडून घ्यायचं.”

“तुझा एक प्रश्न आहे, माझा दुसरा. ही कुठल्या भट्टीत, कुणाच्या हातून घडली, हाही तिचा इतिहासच आहे. तिच्या कुंभारानं गुंडाळी चढवून हिचं पोट उभं केलं. आत हात घालून बघ, त्याच्या बोटांच्या रेघा लागतील. त्याचं नाव राहिलं नाही. निदान गाव शोधू या, इतकंच मी म्हणते.”

आत्याने हात आत घातला. बराच वेळ ती काही बोलली नाही.

दोघींपैकी कुणीही हट्टाने बोलत नव्हती. वारशाच्या वस्तूला दोन वेगळे प्रश्न लागू होतात: ती घडली कुठे, आणि आपल्यापर्यंत आली कशी. पहिल्याचे उत्तर मातीत, झिलईत, आकारात असते. दुसऱ्याचे उत्तर माणसांच्या सांगण्यात आणि कागदांत. घोटाळा होतो तो एकाचे उत्तर दुसऱ्यावर लादल्याने. बरणी ब्रह्मी ठरली तर थिबाची कथा सिद्ध होत नाही आणि सयामी ठरली तर ती खोटी पडत नाही. बाजारात मात्र नेमके हेच चालते. ‘ब्रह्मी बनावट’ एवढ्या शेऱ्यावर ‘राजघराण्याची’ ही चिठ्ठी चिकटते आणि किंमत बदलते.

मधल्या वेळात कैऱ्यांचा विषय निघालाच. कमी भाजलेल्या, शिशाच्या झिलईच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला तर शिसे त्यात उतरते आणि ते शरीराला घातक असते. जास्त उष्णतेच्या स्टोनवेअरवर सहसा राखेची झिलई असते, तिथे हा धोका कमी. तरीही तपासल्याशिवाय खात्री देणार नाही, असे भाचीने बजावले. तिला जास्त काळजी होती ती गळ्याजवळच्या केसासारख्या बारीक तड्याची. मिठाचे पाणी तड्यात शिरते, सुकताना मिठाचे स्फटिक होतात, फुगतात आणि झिलईचे पापुद्रे सुटतात. कैऱ्यांनी बरणीला धोका होता, ही गोष्ट आत्याने वादाशिवाय मान्य केली. यंदाच्या कैऱ्या काचेच्या बरणीत जाणार हे ठरले.

“आता आजी,” भाची म्हणाली. “आजीनं तुला नेमकं काय सांगितलं? सगळे काय म्हणायचे ते नको. आजीचेच शब्द सांग.”

आत्याने डोळे मिटले. “आजी म्हणायची, मी या घरात सून होऊन आले तेव्हा बरणी कोठीत होतीच. सासूबाईंनी पहिल्याच उन्हाळ्यात मला कैऱ्या निवडायला बसवलं, आणि म्हणाल्या, जपून हो, राजाकडची आहे.”

“आजी लग्न होऊन कधी आली?”

“साल तिला कुठलं ठाऊक! पण ती नेहमी सांगायची, टिळकांना मंडालेला पाठवलं त्या वर्षी.”

भाची ताठ बसली. टिळकांना शिक्षा झाली आणि मंडालेच्या तुरुंगात रवानगी झाली ते साल १९०८. रत्नागिरीत जन्मलेला नेता मंडालेला आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत, ही अदलाबदल या गावाने मनात कोरून ठेवली होती. म्हणूनच एका मुलीच्या लग्नाचे साल शंभर वर्षे शाबूत राहिले.

“आत्या, थिबाचा राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये. त्याआधी तो बंगल्यांत राहायचा. बरणी १९०८ मध्ये आपल्या कोठीत होती, तर ती वाड्यातून आलेली असूच शकत नाही.”

“आजीची सासू वाड्यातून म्हणालीच नाही. राजाकडची म्हणाली.” आत्याने डोळे उघडले. “वाडा आम्ही जोडला. आम्हाला वाडाच दिसत होता ना रोज.”

सगळ्या चौकशीतला सर्वांत नेमका पुरावा असा आत्याच्या तोंडून आला. कथेतला नंतर चिकटलेला भाग सुटला आणि मूळ वाक्य उघडे पडले. त्या वाक्याला आता तारखा लावता येत होत्या. राजाकडून बरणी आली असेल, तर १८८६ च्या एप्रिलापूर्वी येणे शक्य नाही आणि १९०८ नंतरही नाही. तीन शतकांचा अंधार बावीस वर्षांवर आला, तोही भोक न पाडता.

भाचीने नोंद लिहायला घेतली. वस्तू: मोठी झिलईदार बरणी, स्टोनवेअर, चार कान. बनावट: बहुधा सयाम, तपासणी बाकी. वय: किमान १९०८ पूर्वीची. घरात कशी आली, या रकान्यात तिने ‘ऐकीव’ असे लिहिले. आत्याने पेन्सिल घेऊन तो शब्द खोडला.

“कुणी सांगितलं, कुणाला सांगितलं, कधी, ते लिही. पणजीनं आजीला, आजीनं मला. दोघींची नावं लिही. ऐकीव म्हटलं की कुणाचीच जबाबदारी नाही.”

भाचीने दोन्ही नावे लिहिली. मौखिक पुराव्याची नोंद अशीच करायची असते. साक्षीदाराचे नाव, नाते आणि काळ असेल तर पुढचा अभ्यासक ती उलटतपासू शकतो.

“मुकुंद बरणी न्यू जर्सीला मागतो आहे,” आत्या म्हणाली.

“नेता येणार नाही. शंभर वर्षांपेक्षा जुनी अशी वस्तू कायद्यानं पुरावशेष ठरते, आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणं खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. आजीच्या लग्नानं तेही ठरवून टाकलं.”

आत्याच्या चेहऱ्यावर समाधान लपले नाही. मग ती माळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “वर पत्र्याच्या पेटीत आजोबांच्या वडिलांच्या रोजकीर्दी आहेत. वाटणीची यादही आहे. सगळं मोडीत. मला मोडी येत नाही, तुलाही येत नाही. वाचणारा माणूस शोध. १८८६ ते १९०८ एवढ्या वह्या बघून घे. घरात आलेली मोठी वस्तू कुणीतरी लिहिली असेलच.”

“आणि १८८६ च्या आधीच्याही,” भाची म्हणाली. “त्यांत बरणी सापडली, तर थिबाचं नाव काढावं लागेल. चालेल?”

“कागदावर असेल तर काढ,” आत्या म्हणाली. “वह्यांत काहीच नाही निघालं, तर मग तुझ्या भोकाचं बोलू.”